रूळ उखडण्याआधी : उद्यानांतल्या छोट्या रेल्वेच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक उद्यानांचे व्यवस्थापक, उद्यान समित्यांचे सदस्य आणि छोट्या रेल्वेच्या निविदा काढणारे अधिकारी

महोदय, महोदया,

उद्यानातली छोटी रेल्वे बंद पडली की पुढचा सगळा प्रकार ठरल्यासारखा होतो. आधी 'तांत्रिक कारणास्तव बंद' अशी पाटी लागते. गाडी काही महिने ताडपत्रीखाली पडून राहते. मग टिपण तयार होतं : गाडी जुनी झाली आहे, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्ती परवडत नाही, सबब रूळ काढून जागा मोकळी करावी आणि इंजिनाच्या आकाराची रबरी टायरची गाडी आणावी. टिपणावर सह्या होतात आणि जुनं लोखंड वजनावर विकलं जातं.

या टिपणात गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, एकही मोजमाप नसतं. चाकांच्या झिजेचा आकडा नसतो, ब्रेकच्या चाचणीचा निकाल नसतो, गाडी कुणी आणि कधी बांधली याची नोंद नसते. आम्ही अशा गाड्यांचे रूळ, चाकं, बॉयलर आणि कागदपत्रं हाताळणारी माणसं आहोत. उद्यान लोकांचं असतं, पण टिपण लोकांना वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र बंद पाकिटातून न पाठवता सर्वांसमोर ठेवतो आहोत.

'गाडी जुनी झाली' हे पहिलं कारण. उद्यानातल्या रेल्वेचा इतिहास थोडा जरी चाळला, तरी ते टिकत नाही.

सर आर्थर हेवूड यांनी १८७४ मध्ये इंग्लंडमधल्या डफिल्ड बँक इथं आपल्या आवारात १५ इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर गेजची रेल्वे घालायला घेतली. त्याआधी त्यांनी ९ इंची गेज करून पाहिलं होतं. माणसं बसवायला ते फारच डळमळीत निघालं. माणसं आणि माल दोन्ही भरवशानं नेता येईल असं सर्वांत अरुंद गेज १५ इंची, हा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्या डोळ्यांसमोर जमीनदारांच्या इस्टेटींवरची मालवाहतूक होती, करमणूक नव्हे. करमणुकीचा धंदा उभा केला तो अमेरिकेत कॅग्नी बंधूंनी. १८९० च्या दशकापासून त्यांची छोटी वाफेची इंजिनं जत्रांत, प्रदर्शनांत आणि बागांत धावू लागली; १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनातही ती होती. १९०५ मध्ये इंग्लंडमध्ये बॅसेट-लोक यांच्या कंपनीनं हेन्री ग्रीनली यांच्या आराखड्यावर 'लिटल जायंट' हे इंजिन बांधून ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर चालवलं, आणि गेज तेच १५ इंची होतं.

पुढचा टप्पा म्युनिकचा. तिथल्या १९२५ च्या वाहतूक प्रदर्शनासाठी क्राउस कंपनीनं रोलांड मार्टेन्स यांच्या आराखड्याप्रमाणे ३८१ मिलिमीटरची वाफेची इंजिनं बांधली. त्याच घराण्यातली इंजिनं १९२८ पासून व्हिएन्नाच्या प्राटर उद्यानात धावत आहेत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या ग्रोसर गार्टन या उद्यानात १९५० मध्ये रेल्वे सुरू झाली; तिचा मार्ग आज ५.६ किलोमीटरचा आहे. तिकिटं आणि सिग्नलपर्यंतची कामं मुलं करतात आणि गाडी ओढायला १९२५ ची दोन इंजिनं आहेत. शंभरी गाठलेली यंत्रं आहेत ती.

दुसऱ्या महायुद्धानंतर बागांमधल्या गाड्यांचं रूप बदललं. अमेरिकेतल्या मिनिएचर ट्रेन कंपनीनं डिझेल इंजिनासारख्या गोल नाकाची, १६ इंची गेजची जी-१६ गाडी काढली. सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कमध्ये १९४८ पासून चालणारी गाडी याच जातीची. पुण्याच्या पेशवे उद्यानातली फुलराणी १९५६ ची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्याच विचिटा इथल्या चान्स कंपनीनं २४ इंची गेजची सी. पी. हंटिंग्टन गाडी आणली. ती दिसते वाफेच्या इंजिनासारखी, पण धुरांड्याखाली वाफेचा पत्ता नाही. नक्कल म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत. सुटे भाग आजही मिळतात असा हा नमुना आहे आणि जगभरातल्या बागांचा डोलारा बराचसा त्यावर उभा आहे.

बिली जोन्स यांचं उदाहरण तर प्रत्येक भंगार-निविदेला जोडावं असं आहे. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस इथल्या १८ इंची रेल्वेसाठी १९०५ मध्ये बांधलेलं इंजिन १९३९ मध्ये भंगारात निघालं होतं. सदर्न पॅसिफिक रेल्वेत इंजिनचालक असलेल्या जोन्स यांनी ते विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि लॉस गॅटोसच्या आपल्या बागेत रूळ घालून चालवलं. १९६८ मध्ये ते वारले. त्यानंतर गावकऱ्यांनी ती रेल्वे सार्वजनिक उद्यानात हलवली आणि १९७० पासून ती तिथं सुरू आहे. भंगारवाल्याच्या आवारात वजनकाट्यावर चढायच्या बेतात असलेलं इंजिन आज शंभर वर्षांपुढचं आहे. तुमच्या टिपणातली गाडी बहुधा त्याच्या निम्म्या वयाचीही नसते.

आता आमचे आक्षेप.

पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप : ही रेल्वे 'खेळणी व पाळणे' या सदरात टाकली जाते. त्यामुळे निविदा घसरगुंड्या बसवणाऱ्याला मिळते, तपासणी बांधकामाची देखरेख करणाऱ्याकडे जाते आणि वेगमर्यादा चालकाच्या मर्जीवर राहते. मुलांनी भरलेला डबा वळणावर उलटू शकतो की नाही, याचं गणित कागदाच्या चिठोऱ्यावर मावतं. ३८१ मिलिमीटर गेजवर डब्याच्या मध्यापासून रुळापर्यंतचं अंतर सुमारे १९ सेंटिमीटर. प्रवासी बसलेल्या डब्याचा गुरुत्वमध्य रुळापासून ६० सेंटिमीटर उंच धरा. बाजूचा रेटा वजनाच्या ०.३२ पट झाला की आतलं चाक रूळ सोडतं. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर हा रेटा ताशी २५ किलोमीटरच्या आसपास येतो. ताशी १० किलोमीटरला तो त्याच्या एक-षष्ठांश असतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, हे चालकाला कुणी सांगितलेलं असतं का? शिवाय हे गणित सपाट, सरळ बसवलेल्या रुळाचं आहे. बाहेरचा रूळ खचलेला असेल, किंवा मोठी माणसं फोटोसाठी बाहेरच्या बाजूला झुकली असतील, तर २५ चा आकडा बराच खाली येतो. मोठ्यांना बसू द्यायचं की नाही, कुठल्या आसनावर बसवायचं, हा नियम शिष्टाचाराचा नाही, गुरुत्वमध्याचा आहे.

दुसरा आक्षेप रुळांबद्दल, आणि इथं जरा सविस्तर बोलावं लागेल. गाडीला दरवर्षी रंग मिळतो, रुळांना काहीच मिळत नाही. घसरण्याचं मूळ मात्र बहुतेक वेळा रुळात असतं.

बागेतले रूळ हलके असतात, मीटरला ६ ते १० किलो वजनाचे. त्यांच्याखाली खडी हवी, आणि ती स्वच्छ हवी. बागेत नेमकं उलट घडतं. हिरवळीला पाणी देणाऱ्या फवाऱ्यांचं तोंड रुळांकडे असतं. वाफे उकरताना निघालेली माती खडीवर टाकली जाते. खडीच्या फटी मातीनं भरल्या की पाणी निचरत नाही, रुळांखालचा आडवा लाकडी स्लीपर कायम ओला राहून आतून कुजतो आणि त्यात ठोकलेला खिळा हातानं उपसून येतो. मग वळणावर गेज फाकतं. किती फाकलं तर धोका, याचं उत्तर चाकांच्या जोडीवरून काढायचं असतं : दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर, त्यात एका चाकाच्या फ्लँजची, म्हणजे चाकाच्या आतल्या उभ्या कडेची, जाडी आणि दुसऱ्या चाकाची पूर्ण रुंदी मिळवा. गेज त्या बेरजेइतकं झालं की चाक रुळांच्या मध्ये पडतं. मर्यादा अर्थातच त्याच्या खूप अलीकडे ठरवायला हवी, कारण भार आल्यावर कुजक्या स्लीपरवरचा रूळ आणखी सरकतो. म्हणून नुसतं रिकाम्या रुळावर गेज मोजून भागत नाही. पहारीनं रूळ बाहेर रेटून पुन्हा मोजावं लागतं.

फाकलेल्या गेजपेक्षाही घातक असतो तो पीळ. डब्याच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात एकच रूळ खचला असेल, तर ताठ सांगाड्याचं एक चाक जवळजवळ अधांतरी राहतं. वजन नसलेल्या चाकाला वळणानं बाजूला ढकललं की फ्लँज रुळावर चढतो. झाडाच्या मुळानं एक रूळ वर उचलला तरी परिणाम तोच. हे डोळ्यांना दिसत नाही. रुळांवर आडवी पट्टी आणि पातळी ठेवून दर मीटरला वाचन घेतलं तर कागदावर लगेच दिसतं.

उन्हाचंही तसंच. ६ मीटरचा पोलादी रूळ ३० अंशांच्या फरकानं सुमारे २ मिलिमीटर वाढतो; ३०० मीटरच्या मार्गात एकूण १० सेंटिमीटर. ही वाढ सांध्यांतल्या फटींनी गिळायची असते. खडखडाट नको म्हणून कुणी सांधे वेल्डिंग करून टाकले, किंवा दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट गंजून आवळले गेले, तर दुपारी रूळ वळणावर बाहेर फुगतो. संध्याकाळी तपासायला येणाऱ्याला काहीच सापडत नाही, आणि घसरणीचं खापर चालकावर फुटतं.

पायवाट जिथं रूळ ओलांडते तिथं काँक्रीट ओततात. रुळाच्या आतल्या बाजूची फट मातीनं, खड्यांनी भरते. रोज पहिल्या फेरीआधी ती आकडीनं साफ करणं हे पाच मिनिटांचं काम. ते कुणाच्याच कामांच्या यादीत नसतं.

तिसरा आक्षेप ब्रेकचा. कित्येक गाड्यांत ब्रेक फक्त इंजिनाला असतो. इंजिन २ टन, भरलेले डबे ६ टन असं धरू. इंजिनाच्या चाकांची रुळावरची पकड वजनाच्या १५ टक्के मानली तर ताशी १० किलोमीटर वेगातली ही गाडी सपाटीवर साधारण साडेदहा मीटरमध्ये थांबते, आणि ४० मीटरला १ मीटर उतार असेल तर तीस मीटरहून जास्त जाते. ओल्या पानांनी पकड १० टक्क्यांवर आली की त्या उतारावर ती थांबतच नाही. हे चालकाचं कौशल्य कमी पडलं म्हणून होत नाही. उपाय जुना आणि सर्वज्ञात आहे : प्रत्येक डब्याला ब्रेक, आणि ब्रेकची नळी तुटली किंवा डबा सुटला तर ब्रेक आपोआप लागेल अशी रचना. इंजिनावर चढवायच्या नव्या फायबरच्या मुखवट्यांवर खर्च होतो, या नळ्यांवर होत नाही.

त्या मुखवट्यांबद्दल एवढंच : त्यांनी वरचं वजन वाढतं, तपासणीची झाकणं बुजतात आणि चालकाला समोरचा रूळ दिसेनासा होतो.

चौथा आक्षेप 'सुटे भाग मिळत नाहीत' या वाक्यावर. यातल्या बहुतेक गाड्यांचे भाग दुकानाच्या फळीवर कधी नव्हतेच. आस पोलादी गजातून लेथवर कापला जातो. चाक ओतायचं तर लाकडी साचा लागतो. झिजलं असेल पण जाडी शिल्लक असेल, तर लेथवर पुन्हा आकार देता येतो. अट एकच : एका आसावरच्या दोन्ही चाकांचा व्यास तंतोतंत सारखा हवा, नाहीतर जोडी कायम एका बाजूला ओढत राहते आणि नवा फ्लँज पुन्हा झिजतो. आस ज्यात फिरतो ते बुश गनमेटल या मिश्रधातूचे घडवतात. बॉल बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो आणि तो क्रमांक जगभर एकच असतो. पेट्रोल-डिझेल गाड्यांमधली इंजिनं मोटारीची किंवा कारखान्यातली असतात. तशीच दुसरी बसवता येतात. जे खरोखर मिळत नाही ते म्हणजे रेखाचित्र, आणि तेही गाडी भंगारात जाईपर्यंतच. एक चाक, डबे जोडणारं एक कपलिंग, एक स्प्रिंग समोर असेल तर मापं घेऊन रेखाचित्र पुन्हा काढता येतं.

वाफेच्या बॉयलरबाबत आमचं मत तुमच्यापेक्षा कडक निघेल. पत्र्याची जाडी मर्यादेखाली गेली असेल, पाण्याच्या दाबाची चाचणी उतरली नसेल, सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला उघडत नसेल, तर इंजिन त्याच दिवशी बंद करा. पण बंद करणं आणि तोडणं यांत फरक आहे. बंद इंजिन शेडमध्ये राहतं आणि डबे दुसरं इंजिन ओढतं. अनेक ठिकाणी हेच चालतं.

पाचवा आक्षेप टायरच्या गाडीवर. तिला रूळ लागत नाहीत याचा अर्थ तिला रस्ता लागतो, रुळांपेक्षा रुंद आणि पक्का. म्हणजे तेवढी माती काँक्रीटखाली जाते. रुळावरची गाडी कुठून जाणार हे मुलालाही दिसतं. टायरची गाडी माणसांतून वाट काढते आणि वळताना तिचे मागचे डबे आतल्या बाजूला सरकतात. कडेला उभ्या असलेल्याला ते आधी कळत नाही. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर होणारा रोध टायरच्या कित्येक पट कमी असतो. त्यामुळे बॅटरीवर चालवायची असेल तर रुळावरची गाडी छोट्या बॅटरीत जास्त फेऱ्या मारते. विजेवर जायची इच्छा असेल तर जरूर जा, रूळ ठेवून जा.

शेवटचा आक्षेप बंद काळातल्या हलगर्जीचा. ताडपत्री ही देखभाल नव्हे. तिच्याखाली ओल कोंडते. गाडी जास्त दिवस उभी करायची तर ती उताराविना जागी, चाकांना अडण लावून छपराखाली ठेवावी. टाकीतलं इंधन काढावं. बॅटरी सोडवून बाहेर न्यावी आणि अधूनमधून चार्ज करावी. बेअरिंगमध्ये ताजं ग्रीस भरावं आणि दर काही आठवड्यांनी गाडी थोडी पुढेमागे ढकलावी, म्हणजे गोळ्या एकाच जागी खड्डे पाडत नाहीत. बॉयलर पूर्ण रिकामा करून, गाळ धुऊन, कोरडा ठेवावा. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम आहे. ते न केल्यानं जो गंज चढतो, तोच पुढे टिपणात 'दुरुस्तीपलीकडे' म्हणून नोंदवला जातो.

या सर्वांवर आमच्या मागण्या अशा.

रेल्वे बंद किंवा भंगारात काढण्याचा कोणताही ठराव रूळ आणि डबे जाणणाऱ्या अभियंत्याच्या लेखी तपासणीशिवाय मांडू नये. त्या तपासणीत दर मीटरचं गेज, पीळ, प्रत्येक चाकाच्या फ्लँजची जाडी आणि भरलेल्या गाडीच्या ब्रेकची अंतरं असावीत, आणि ती उद्यानाच्या दारावर लावावी.

रेल्वेचं काम खेळण्यांच्या निविदेतून वेगळं काढावं. रूळ आणि गाडी यांच्या देखभालीचं कंत्राट रंगरंगोटीशी जोडू नये.

प्रत्येक रेल्वेला एक नोंदवही असावी : रोजची पाहणी, बदललेले स्लीपर, घसरलेली गाडी आणि घसरल्याची जागा. दोनदा एकाच जागी घसरली, तर तिसऱ्या फेरीआधी तिथला रूळ उघडावा. कंत्राटदार बदलला तरी वही बदलू नये.

सर्वांत तीव्र वळणाच्या हिशेबानं वेगमर्यादा ठरवावी आणि इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरवर ती सील करावी. प्रत्येक डब्याला आपोआप लागणारा ब्रेक बसेपर्यंत उताराचा मार्ग बंद ठेवावा. तक्रार आमच्याकडून येणार नाही.

बांधणाऱ्याची पाटी, इंजिनाचा क्रमांक, मूळ करारपत्रं, छायाचित्रं यांची यादी करून ती अभिलेखागारात द्यावी. मूळ चाकांची एक जोडी, एक कपलिंग आणि असतील ते साचे कधीही विकू नयेत.

आणि ज्या रेल्वेचं टिपण आज तुमच्या टेबलावर आहे, तिचे रूळ तपासणी होईपर्यंत जागेवर राहू द्यावेत. गाडी हलवायची असल्यास शेडपर्यंतच हलवावी.

तपासणीसाठी लागणारे गेजचे काटे, पातळीच्या पट्ट्या आणि मोजमापाचे तक्ते घेऊन यायला आम्ही तयार आहोत. तारीख आपण कळवावी.

कळावे,
उद्यानांतल्या छोट्या रेल्वेचे रूळ, इंजिनं आणि कागदपत्रं सांभाळणारे काही जण